ताईच्या नावावर माझं रक्त

आमच्या घरात आजारपण वजनावर ठरतं. ताई अंगानं भरलेली, म्हणून ताई आजारी. मी काडी, म्हणून मी धडधाकट. कुरवंड्याच्या आमच्या घरात एवढंच डॉक्टरी ज्ञान आहे, आणि तेवढ्याच्या जोरावर आबांनी माझं रक्त ताईच्या नावावर खपवायचं ठरवलं.

आबा म्हणजे माझे मोठे चुलते. ताई त्यांची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. घर एकच, चूल एकच. ताई लोणावळ्यात एका हॉटेलात रिसेप्शनला बसते. मी नवलाख उंबऱ्याला एका कंपनीत लाईनवर आहे, गाड्यांच्या वायरी जोडते. आणि फुकटात नकला करते. हेडमास्तर, आमचा सुपरवायझर, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, आबा, सगळे मला येतात. ताईचा फोनवरचा आवाज तर इतका येतो की एकदा तिच्या मॅनेजरनं माझ्याशी बोलून तिची सुट्टी मंजूर केली होती.

दोन वर्षांपूर्वी ताईची पाळी पाच महिने आलीच नाही, तेव्हा चुलती तिला लोणावळ्यातल्या एका लेडी डॉक्टरकडे घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोनचं गणित बिघडलेलं. आबा त्याला 'ते पीसीओ' म्हणायचे, जसं काय पोरीच्या पोटात पिवळा बोर्ड लावून कुणी फोनचं बूथ टाकलंय. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की ह्या त्रासात पुढे साखरेची भीती असते, दरवर्षी तपासत जा. गोळ्या आणल्या, चालायचं सुरू झालं. साखर मात्र ताईनं एकदाही तपासली नाही. तपासली आणि निघाली तर, ह्या भीतीनं. घरात पण कुणी आठवण केली नाही, कारण निघाली असती तर ती लपवायची कुठं हा प्रश्न होता.

मग शिरगावचं स्थळ आलं. माणसं चांगली होती, हे मी आज रागात असूनही सांगते. मुलाच्या वडलांच्या पायाची दोन बोटं साखरेमुळं काढावी लागलेली. म्हणून त्यांचं म्हणणं होतं की साखरपुड्याआधी दोघांचेही रक्ताचे रिपोर्ट एकमेकांना दाखवू. मुलाचा त्यांनी आधीच पाठवला, न मागता. ह्यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. पण आबांना घाम फुटला.

दोन दिवस ते ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना माझ्याकडं बघून थांबले. मी तेव्हा भाकरीचा तिसरा तुकडा मोडत होते. आबा आईला म्हणाले, "हिला पाठवू. हिच्या अंगावर मासच न्हाई, साखर राहनार कुटं?"

सगळे हसले. मी पण हसले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त राग त्या माझ्या हसण्याचा येतोय. शाळेत मी हजेरीला चार चार मुलींच्या आवाजात 'हजर सर' म्हणायचे, तसंच हे वाटलं मला. आई म्हणाली, जा की, एक सुई तर टोचायची. ताई मोबाईलमध्ये बघत राहिली.

शनिवार-रविवार आमची लाईन बंद असते, म्हणून शनिवारी सकाळी मी लोणावळ्याच्या बाजारातल्या लॅबमध्ये गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला जेवलेली, त्यानंतर फक्त पाणी. लॅबवाल्या दादांनी नाव विचारलं. मी ताईचं सांगितलं, तेही ताईच्या आवाजात. त्यांनी ताईला जन्मात कधी ऐकलं नव्हतं, तरी. वय ताईचं, फोन नंबर आबांचा. त्यांनी दोन नळ्यांत रक्त घेतलं. दोन कशाला, विचारलं. ते म्हणाले, एक आत्ताची उपाशीपोटीची साखर, दुसरीत गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते. मला मजा वाटली. तीन महिने पाठीमागं बघणारी नळी.

चार वाजता आबांच्या व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. आबांनी नाव बरोबर आहे का एवढं बघितलं, आणि दोन हात जोडलेलं चित्र लावून शिरगावला पाठवून दिला. वाचला नाही. वाचायची गरजच वाटली नाही. काडीचं रक्त होतं ना.

साडेपाचला मुलाच्या वडलांचा फोन आला. ते हळू बोलत होते. उपाशीपोटी एकशे सोळा आलीय, शंभरच्या आत पाहिजे होती. तीन महिन्यांची सहा पूर्णांक एक, ती पाच पूर्णांक सातच्या आत पाहिजे. अजून मधुमेह नाही म्हणायचं, पण आम्ही जरा घरात बोलतो. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

आबांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं वळले. पुढचा अर्धा तास माझी चौकशी झाली. काय खाल्लंस? कंपनीत कुणी पेढे वाटले का? रस्त्यात चहा घेतलास का? खरं सांग, चिक्की चघळत गेलतीस का? मी सांगत होते, काही नाही, काही नाही. आईनं देव्हाऱ्यापुढं उभं केलं, तिथंही मी तेच सांगितलं. मग आबांनी लॅबला फोन लावला आणि माणसानं नळ्या बदलल्या म्हणून ओरडायला लागले. दादांचा आवाज स्पीकरवर शांत येत होता. उपाशीपोटीचा आकडा एखाद्या वेळी इकडं तिकडं होतो म्हणाले, पण तीन महिन्यांची सरासरी एका रात्रीच्या खाण्यानं हलत नाही. शंका असेल तर पेशंटला घेऊन या, मी परत फुकट करून देतो.

पेशंटला घेऊन या म्हटल्यावर आबांनी फोन कापला. कुणाला नेणार?

मग सुरू झालं की ताईच्या नावावर परत रक्त द्यायला दुसरी कोण बघायची. खालच्या आळीतली कबड्डी खेळणारी पोरगी कशी? तिला शंभर टक्के साखर नसणार. चुलती म्हणाली, तिची आई फाटक्या तोंडाची आहे, गावभर करील. मग आईनं तिच्या माहेरचं एक नाव सुचवलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले होते. तीन माणसं माझ्या रक्ताबद्दल बोलत होती आणि एकाच्याही डोक्यात येत नव्हतं की ते रक्त अजून माझ्याच अंगात फिरतंय.

आमच्या कंपनीत एका पीसवर दुसऱ्या पीसचं स्टिकर लागलं तर अख्खा लॉट थांबवतात. लाल पेटीत टाकतात, सुपरवायझर धावत येतो, कुणाच्या हातून गेलं हे शोधल्याशिवाय लाईन सुरू होत नाही. चारचाकीच्या वायरीची एवढी किंमत आहे. माझं स्टिकर चुकलेलं घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनीच लावलं होतं.

मी आबांचा मोबाईल उचलला आणि रिपोर्ट पहिल्यांदा वाचला. आकड्यांच्या पुढं ठळक अक्षरात H छापलेलं होतं, दोन्ही ठिकाणी. मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली आणि डोकं तापत गेलं. माझी पाळी अडीच अडीच महिन्यांनी येते, कधी तीन. आई म्हणायची, बरंय, तेवढी कटकट कमी. हनुवटीवर राठ केस येतात, मी दर पंधरा दिवसांनी दोऱ्यानं काढून घेते, आणि गॅदरिंगला पुरुषाची नक्कल करताना 'मिशी ओरिजिनल आहे' म्हणून टाळ्या घ्यायचे. मानेवर मागं काळा पट्टा आलाय, मखमलीसारखा. आई म्हणायची तू नीट आंघोळ करत नाहीस. लिंबू आणि घासणी घेऊन तिनं ती मान इतकी घासलीय की एकदा रक्त आलं. ताईला ह्यातलं एक झालं तर तिला डॉक्टरकडं नेलं. मला तिन्ही झाली तर माझे विनोद झाले. आणि सगळ्यात जास्त विनोद मीच केले.

रविवारी सकाळी शिरगावहून परत फोन आला. ह्या वेळी मुलाची आई होती. तिला मुलीशी बोलायचं होतं, फक्त मुलीशी. ताई उठली आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं कडी लावली. आबांनी फोनवर तळवा दाबला, माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तू बोल. तिच्या आवाजात. म्हन, सर्दीच्या गोळ्या खात व्हते म्हनून वाढली."

मी फोन घेतला. ताईचा आवाज लावला. जरा नाकातून, शेवटचं अक्षर लांबवून. बाई आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या की लग्नाचं राहू दे बाजूला, तुला त्या कागदाचा अर्थ कुणी सांगितला का? मी म्हटलं, नाही. खरंच कुणी सांगितला नव्हता. त्यांनी विचारलं, थकवा येतो का, जेवल्यावर झोप येते का, गोड खावंसं वाटतं का. मी हो हो म्हणत गेले, ताईच्या आवाजात, पण उत्तरं सगळी माझी. पाळी वेळेवर येते का, विचारलं. मी म्हटलं, आली तर येते. मग त्या म्हणाल्या,

"आणि बाळा, मानेवर मागं काळं आलंय का? आमच्या ह्यांच्या आलं होतं. मी दोन वर्षं वजरीनं घासत होते. मळ आहे म्हणून."

आई समोरच उभी होती. फोन स्पीकरवर नव्हता, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. माझा हात मात्र मानेवर गेलेला तिनं बघितला.

मी ताईचा आवाज सोडून दिला. सर्दीच्या गोळ्या वगैरे सगळं विसरले. मी म्हटलं, "मावशी, मी ती न्हाई. मी तिची चुलत बहीण. रक्त माझं होतं."

आबांनी फोन ओढायला हात घातला, मी पाठ फिरवली. पलीकडून बाईंनी माझं वय विचारलं. तेवीस म्हटलं. त्या म्हणाल्या, मग उद्या सकाळी तू डॉक्टरकडं जा, तुझ्या बहिणीचं मागनं बघू, आधी तू जा. आणि मग म्हणाल्या, आता दे तुझ्या आबांना.

आबा फक्त 'व्हय... व्हय...' म्हणत होते. काय ऐकलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण स्थळ मोडलं. साखरेवरून नाही मोडलं. ज्या घरात पोरीचं रक्त बदलतात तिथं सोयरीक नको, असा निरोप दोन दिवसांनी मध्यस्थाकडून आला. आबा मला म्हणाले, घराला काळं फासलंस. मला म्हणाले.

सोमवारी मी कंपनीत दोन दिवसांची रजा टाकली आणि लोणावळ्याला निघाले. फाट्यावर ताई स्कूटी घेऊन उभी. तोंड सुजलेलं. फक्त 'बस' म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं, रिपोर्ट बघितला, त्यावरचं नाव बघितलं, आम्हा दोघींकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. त्या आधी पाच मिनिटं नुसत्या रागावल्या, आणि ते मला बरं वाटलं, कारण ह्या प्रकरणात योग्य माणसावर रागावणारं पहिलं कुणीतरी भेटलं. मग त्यांनी माझे केस बाजूला करून मान बघितली. ह्याला घासत जाऊ नका, म्हणाल्या, हे बाहेरून आलेलं नाही. बारीक मुलींनाही पीसीओएस असतं, फक्त त्यांच्याकडं कुणी बघत नाही. पाळीबद्दल विचारून त्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. दोघींना साखरेची पूर्ण तपासणी सांगितली, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी परत रक्त द्यायचं ती. कारण ह्या त्रासात उपाशीपोटीचा आकडा कधी कधी साळसूद दिसतो आणि जेवणानंतर बिंग फुटतं. म्हणून ताईला पण नुसत्या उपाशीपोटीच्या रिपोर्टवर सोडणार नाही, म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी परत तीच लॅब. दोघी समोर उभ्या राहिल्यावर दादांना सगळं समजलं असणार. पेन उघडून म्हणाले, "आज कुणाचं कुणाच्या नावावर?"

मी माझं नाव सांगितलं. ते इतकं मोठ्यानं निघालं की बाकावरचे आजोबा दचकले.

ग्लुकोजचं पाणी म्हणजे पाकात बुडवलेलं पाणी. ते पिऊन दोन तास एका जागी बसायचं, खायचं नाही, फिरायचं नाही. पहिला तास ताई मोबाईलमध्ये. मी पंख्याची, मग कंपाउंडरच्या चपलांची नक्कल केली. ती हसली नाही. मग एकदम म्हणाली, "त्यांना सांगायच्या आधी मला विचारायचंस तरी."

मी म्हटलं, "तुझ्या आवाजात बोलले तेव्हा पण कुणी विचारलं नव्हतं तुला. तेव्हा कडी लावून बसलीस."

तिनं तोंड फिरवलं. तिला तो मुलगा आवडला होता, हे मला तेव्हा कळलं. मी सॉरी म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही, कारण राग होता, आणि तिच्यावर पण होता. आजही थोडा आहे.

रिपोर्ट आले. ताईचे तिन्ही आकडे साफ. उपाशीपोटी अठ्ठ्याऐंशी, तीन महिन्यांची पाच पूर्णांक तीन, दोन तासांनी एकशे एकवीस. दोन वर्षं ती गुपचूप चालत होती, गोळ्या घेत होती, त्याचा उपयोग झाला होता आणि तिला माहीतच नव्हतं. तिच्याच रक्तानं तिचं लग्न झालं असतं. माझे उपाशीपोटी एकशे चौदा, आणि दोन तासांनी एकशे अडुसष्ट. एकशे चाळीसच्या आत पाहिजे. दोनशेला मधुमेह म्हणतात. मी मध्ये लटकलेली. सोनोग्राफीत माझंही पीसीओएस निघालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठं काम करतेस. सांगितल्यावर म्हणाल्या, मग असं समज, तुझं स्वादुपिंड डबल ड्युटी करतंय. इन्सुलिन बनवतंय भरपूर, पण शरीर ते नीट वापरत नाही, म्हणून अजून जास्त बनवतंय. आत्ता काम निघतंय. असंच चाललं तर एक दिवस दमेल, आणि तो मधुमेह. पण तू आत्ताच आलीयस, दमायच्या आधी, आणि इथून मागं फिरता येतं. वजन कमी करायचं नाही, मुळात नाहीच. ताटात डाळ, अंडं, उसळ वाढवायची, भात कमी, कंपनीतला गोड चहा बंद. जेवल्यावर पाऊण तास चालायचं, आठवड्यातून तीनदा ताकदीचा व्यायाम. तीन महिन्यांनी परत तपासायचं, मग गोळीचं ठरवू.

घरी आल्यावर आबांनी ताईचा रिपोर्ट दोनदा वाचून घेतला. ह्या वेळी वाचला. मग म्हणाले, पाठवू का आता शिरगावला? चुलती उठून चुलीपाशी गेली. मग आबांची नजर माझ्या कागदावर पडली. म्हणाले, ह्यो कागूद कुनाला दावू नगा, हिचं बी व्हायचंय अजून. आईनं लगेच हात पुढं केला. कागद घडी घालून पेटीत, साड्यांच्या खाली ठेवायचा होता तिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला घासणी आठवत असणार, मला माहीत आहे. पण हात मात्र लपवायलाच पुढं आला होता.

मी कागद सोडला नाही. म्हटलं, "आई, हा लपवायचा न्हाई. तीन महिन्यांनी दुसरा येनार. डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून बघनार. आणि घरात पन बघायचा सगळ्यांनी."

संध्याकाळी लवकर जेवले आणि चपला घालून बाहेर पडले. आमच्या गावात पोरगी काम नसताना रस्त्यानं चालली की प्रत्येक ओट्यावरून प्रश्न येतो. पहिल्याच घरी आला, कुटं निघालीस? मी सांगितलं, चालायला, साखर वाढलीय. त्या म्हणाल्या, तुझी? तू तर काडी. मी म्हटलं, काडीची पण वाढते. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरापर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती, तरी मी थांबून सांगितलं. रागात चाललं की पाय आपोआप पडतात, हा एक फायदा.

वरच्या आळीच्या टोकाला एक मावशी बसतात. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं जवळ बोलावलं. मागं दाराकडं बघितलं, सून आत होती. मग पुटपुटल्या, किती आली? मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "माजी दोनशे धा हाय. दिवाळीपास्नं. सुनंला बोलू नगंस, उगं खानं बंद करतील."

डोकं परत तापलं माझं. म्हणजे आमच्याच पेटीत नाही, सगळ्या आळीत साड्यांच्या खाली कागद आहेत. मी मावशींना वचन दिलं की सुनेला मी काही सांगणार नाही, ते तुम्ही सांगायचं. पण उद्यापासून रोज संध्याकाळी साडेसातला मी दारात येऊन चालायला चला म्हणून हाक मारणार, आणि मला हळू हाक मारता येत नाही, हे त्यांना तिथंच सांगून ठेवलं.